प्रसूतीची पूर्वतयारी : काय साधते आणि काय साधत नाही

बाळंतपण सुखरूप पार पडले, की मराठी घरांत ‘सुटका झाली’ किंवा ‘मोकळी झाली’ असे म्हणतात. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असेही जुन्या पिढीतील स्त्रिया सांगत आल्या आहेत. प्रसूतीत माता दगावणे ही घरोघरी ऐकू येणारी गोष्ट होती, त्या काळाची भीती या शब्दांत साठलेली आहे. त्या भीतीचे कारण आता बरेच ओसरले आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार २००४-०६ या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ मातांचा मृत्यू होत असे. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ९७ पर्यंत, तर महाराष्ट्रात ३३ पर्यंत खाली आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये होत होत्या. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हे प्रमाण ८८.६ टक्के झाले.

याच पाचव्या पाहणीतील आणखी दोन आकडे मात्र वेगळे चित्र दाखवतात. किमान चार प्रसूतिपूर्व तपासण्या झालेल्या मातांचे प्रमाण ५८.१ टक्के होते आणि जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण अवघे ४१.८ टक्के होते. दहापैकी जवळजवळ नऊ बाळे रुग्णालयात जन्माला येत असताना त्यांतील निम्म्यांनाही पहिल्या तासात आईचे दूध मिळत नाही. स्त्री रुग्णालयापर्यंत पोहोचली, परंतु तेथे काय होणार आहे, आपण काय मागू शकतो आणि पहिल्या काही तासांत काय करावयाचे आहे, याची तयारी तिच्यासोबत पोहोचलीच असे नाही. रुग्णालयांची तयारीही त्या मानाने अपुरी राहिली. प्रसूतीच्या पूर्वतयारीने आणि शिक्षणाने बाळंतपणाचा अनुभव किती प्रमाणात घडविता येतो, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

संकल्पना

प्रसूतीची पूर्वतयारी या शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली ज्ञानाची : गर्भारपणात शरीरात होणारे बदल, कळांचे स्वरूप, प्रसूतीचे टप्पे, धोक्याची लक्षणे आणि उपचारांचे पर्याय यांची माहिती. दुसरी शरीर व मन यांची : चालणे, व्यायाम, श्वसनाचा सराव, अंग सैल सोडण्याची सवय आणि भीतीविषयी मोकळेपणाने बोलणे. तिसरी व्यवस्थेची : रुग्णालयाची निवड, वाहन, पैसे, कागदपत्रे, रक्तदाता आणि सोबतीला राहणारी व्यक्ती ठरविणे. या तिन्हींचा परिणाम सारखा नसतो. व्यवस्थेची तयारी प्रामुख्याने जीव वाचविते, शरीर व मन यांची तयारी कळा सोसण्यास साहाय्य करते आणि ज्ञानाची तयारी स्त्रीला निर्णयात सहभागी होण्याची संधी देते.

पार्श्वभूमी

पूर्वी बाळंतपणाचे शिक्षण घरातच मिळत असे. आई, आजी, थोरल्या जावा आणि गावातील सुईण यांच्याकडून ते पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाई. त्यात अनुभवाचे शहाणपण होते. कळा सुरू असताना बाईला एकटी न सोडणे, तिला चालते-फिरते ठेवणे, कंबर व पाठ चोळून देणे, गरम पेय पाजणे या गोष्टी सुईण करीत असे. त्याचबरोबर घातक रूढीही होत्या. नाळ अस्वच्छ साधनाने कापणे, पहिला चीक पिळून टाकणे, बाळाला मध किंवा घुटी चाटविणे, बाळंतिणीला धुराच्या बंद खोलीत ठेवणे यांचे दुष्परिणाम अनेक माता-बालकांनी भोगले.

या प्रश्नाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. आनंदीबाई जोशी यांनी चौदाव्या वर्षी मुलाला जन्म दिला आणि ते मूल दहा दिवसांत दगावले. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी मिळविली. पदवीसाठी त्यांनी सादर केलेला प्रबंध हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्रावर होता.

पाश्चात्त्य देशांत प्रसूतिशिक्षणाची आधुनिक चळवळ विसाव्या शतकात उभी राहिली. ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘नॅचरल चाइल्डबर्थ’ या पुस्तकातून भीती, ताण आणि वेदना यांच्या चक्राची कल्पना मांडली. भीतीमुळे स्नायू आखडतात, आखडलेल्या स्नायूंमुळे वेदना वाढते आणि वाढलेली वेदना पुन्हा भीती वाढविते, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फर्नां लामाझ यांनी १९५१ मध्ये सोव्हिएत संघात प्रसूतीची एक पद्धत पाहिली. पाव्हलॉव्ह यांच्या प्रतिक्षिप्त क्रियेच्या सिद्धांतावर ती आधारलेली होती. परत आल्यावर त्यांनी पॅरिसमध्ये श्वसन, शिथिलीकरण आणि प्रशिक्षण यांवर आधारित पद्धत सुरू केली. ‘लामाझ पद्धत’ या नावाने ती जगभर पसरली. भारतातील मोठ्या शहरांत आज चालणारे प्रसूतिपूर्व वर्ग बऱ्याच अंशी याच परंपरेतून आलेले आहेत.

भीती आणि वेदना

प्रसववेदना ही केवळ मनाची कल्पना नव्हे. गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात, गर्भाशयमुख ताणले जाऊन उघडते आणि बाळ खाली सरकताना कटिभागातील स्नायू व नसांवर दाब येतो. तयारी केली म्हणून ही प्रक्रिया वेदनारहित होत नाही. वेदनांचे मापन करणारी प्रसिद्ध प्रश्नावली तयार करणारे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष त्याच्या शीर्षकातच होता : प्रशिक्षणानंतरही प्रसूती वेदनादायकच असते. प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या वेदनेत काहीशी घट आढळली, परंतु ती मर्यादित होती.

भीतीवर मात्र शिक्षणाचा परिणाम अधिक स्पष्ट दिसतो. काही स्त्रियांना प्रसूतीची इतकी तीव्र भीती असते, की त्या गर्भधारणाच टाळतात किंवा कारण नसताना शस्त्रक्रियेची मागणी करतात. अशा पहिलटकरणींसाठी फिनलंडमध्ये गटचर्चेचा एक उपक्रम राबविण्यात आला. मानसतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली गर्भारपणात सहा आणि प्रसूतीनंतर एक अशा बैठका झाल्या. त्यांत शिथिलीकरणाचा सरावही होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटातील ६३.४ टक्के स्त्रियांची प्रसूती नैसर्गिकरीत्या, उपकरणांच्या साहाय्याविना झाली. नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ४७.५ टक्के होते. सिझेरियनचे प्रमाण अनुक्रमे २२.९ आणि ३२.५ टक्के होते. हा उपक्रम तीव्र भीती असलेल्या स्त्रियांपुरता होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. सरसकट सर्व गर्भवतींना दिलेल्या शिक्षणाचे परिणाम इतके ठळक नाहीत. कॉक्रेन या संस्थेने २००७ मध्ये प्रसूतिपूर्व वर्गांविषयीच्या नऊ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत २,२८४ स्त्रियांचा समावेश होता. वर्गांचे स्वरूप एकमेकांपासून इतके भिन्न होते, की त्यांच्या परिणामांविषयी ठाम निष्कर्ष काढता आला नाही.

सोबतीचे सामर्थ्य

ज्या उपायाचा लाभ संशोधनातून सर्वाधिक सातत्याने दिसून आला, तो सोबतीचा आहे. कॉक्रेनच्या २०१७ च्या आढाव्यात १७ देशांतील २६ अभ्यासांची आणि १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करण्यात आली. कळा सुरू झाल्यापासून प्रसूतीपर्यंत अखंड सोबत लाभलेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीची शक्यता अधिक होती. त्यांच्यात सिझेरियनचे आणि वेदनाशामक औषधांच्या वापराचे प्रमाण कमी होते, कळांचा काळ काहीसा आटोपशीर राहिला आणि प्रसूतीविषयी कटू भावना व्यक्त करणाऱ्यांची संख्याही घटली. सुईण बाईजवळून उठत नसे, त्यामागचे शहाणपण या संशोधनाने अधोरेखित केले.

प्रसूती घरातून रुग्णालयात गेली, तेव्हा सुरक्षितता वाढली. परंतु बहुसंख्य सार्वजनिक रुग्णालयांत नातेवाईक दाराबाहेर राहिले आणि स्त्री अनोळखी माणसांत एकटी पडली. ही उणीव ध्यानात घेऊन केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये सार्वजनिक आरोग्य संस्थांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास अनुमती देणारा निर्णय घेतला. सोबतीण शक्यतो स्वतः बाळंतपणाचा अनुभव घेतलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिने स्वच्छ कपडे घालावेत, पूर्ण वेळ थांबावे, उपचारांत हस्तक्षेप करू नये आणि कक्षातील इतर स्त्रियांकडे जाऊ नये, अशा अटी त्यात आहेत. जेथे इतर स्त्रियांच्या खासगीपणाला बाधा येत नाही, तेथे पतीलाही सोबत राहता येते. ही तरतूद अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते. त्यामुळे सोबत कोण राहणार हे आधीच ठरविणे आणि रुग्णालयात त्याविषयी तपासणीच्या वेळीच विचारून ठेवणे, हा पूर्वतयारीचा आवश्यक भाग ठरतो.

गावपातळीवरील शिक्षण

शहरी वर्गांपेक्षा निराळा आणि भारताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा अनुभव गावांतील महिला गटांचा आहे. झारखंडमधील पश्चिम सिंहभूम व सरायकेला-खरसावाँ आणि ओडिशातील केओंझर या आदिवासीबहुल जिल्ह्यांत ‘एकजूट’ या संस्थेने महिलांच्या मासिक बैठका घेतल्या. व्याख्यान देण्याऐवजी चित्रे, गोष्टी आणि खेळ यांच्या साहाय्याने चर्चा घडविण्यात आली. आपल्या गावात माता व नवजात बालके का दगावतात, हे स्त्रियांनी स्वतः शोधले, त्यांतील महत्त्वाच्या अडचणी निवडल्या आणि उपाय ठरवून अमलात आणले. वाहनासाठी निधी जमविणे, स्वच्छ प्रसूतीचे साहित्य जवळ ठेवणे, बाळाला जन्मल्याबरोबर कोरडे करून गुंडाळणे असे साधे उपाय अशा चर्चांतून पुढे येतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गट असलेल्या भागांत तीन वर्षांच्या काळात नवजात मृत्युदर ३२ टक्क्यांनी कमी राहिला. मातांमधील मध्यम स्वरूपाच्या नैराश्यातही तिसऱ्या वर्षी मोठी घट आढळली.

भारत, नेपाळ, बांगलादेश आणि मलावी येथील अशा सात चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात महिला गटांमुळे मातामृत्यूंमध्ये ३७ टक्के आणि नवजात मृत्यूंमध्ये २३ टक्के घट दिसून आली. गर्भवतींपैकी जितक्या अधिक स्त्रिया गटांत सहभागी झाल्या, तितका परिणाम मोठा होता.

महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट नोंदविण्यात आली. गावातीलच प्रशिक्षित आरोग्यसेविकेने दिलेल्या उपचारांबरोबर माता आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे आरोग्यशिक्षण हाही या प्रयोगाचा भाग होता. गर्भवतीला सर्व माहिती असूनही निर्णय सासूच्या किंवा पतीच्या हाती असेल, तर एकटीच्या शिक्षणाचा उपयोग मर्यादित राहतो. म्हणून शिक्षण कुटुंबाचे व्हावे लागते.

तयारीत काय असावे

पहिल्या तिमाहीत नोंदणी करून माता व बाल संरक्षण कार्ड घेणे, ही तयारीची सुरुवात होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून गर्भारपणात किमान आठ वेळा आरोग्यसेवेशी संपर्क असावा, अशी शिफारस केली आहे. हिमोग्लोबिन, रक्तदाब, लघवीतील प्रथिने, रक्तगट, रक्तातील साखर आणि सोनोग्राफी या तपासण्यांचा अर्थ गर्भवतीला समजेल अशा भाषेत सांगितला गेला पाहिजे. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला, तर लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या किमान १८० दिवस घेतलेल्या मातांचे प्रमाण केवळ २६ टक्के होते. प्रसूतीच्या वेळी होणारा रक्तस्राव रक्तक्षय असलेल्या स्त्रीला सोसवत नाही. या गोळ्या नियमाने घेणे हीदेखील प्रसूतीची तयारीच आहे.

शेवटच्या तिमाहीत कळांची ओळख करून देणे उपयुक्त ठरते. खोट्या कळा अनियमित असतात आणि विश्रांतीने किंवा थोडे चालल्याने थांबतात. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, त्यांतील अंतर कमी होत जाते आणि जोर वाढत जातो. पहिलटकरणीला सुरुवातीचा टप्पा बराच लांबू शकतो, हे आधी ठाऊक असल्यास घरातील घाबरगुंडी टळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गर्भाशयमुख सुमारे ५ सेंटिमीटर उघडल्यानंतर प्रसूतीचा सक्रिय टप्पा सुरू होतो. तो पहिल्या खेपेस साधारणतः १२ तासांपेक्षा आणि पुढील खेपांत १० तासांपेक्षा अधिक लांबत नाही. दर तासाला एक सेंटिमीटर हा पूर्वी प्रचलित असलेला ठोकताळा सर्वच स्त्रियांना लागू पडत नाही, असेही या तत्त्वांत नमूद आहे. माता व बाळ यांची प्रकृती ठीक असेल, तर केवळ वेग कमी आहे म्हणून घाई करू नये, असा त्याचा अर्थ होतो.

धोक्याची लक्षणे घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला ठाऊक असावीत. रक्तस्राव, असह्य डोकेदुखी, दृष्टी धूसर होणे, चेहरा व हात सुजणे, झटके येणे, ताप, कळांआधीच गर्भजल जाणे आणि बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच वेळी रुग्णालय गाठणे आवश्यक असते. मातामृत्यूंच्या अभ्यासात तीन विलंब सांगितले जातात : उपचार घेण्याचा निर्णय घेण्यातील, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातील आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातील. यांतील पहिले दोन विलंब कुटुंबाच्या तयारीने बऱ्याच प्रमाणात टाळता येतात. तिसरा विलंब दूर करणे ही आरोग्य व्यवस्थेची जबाबदारी आहे.

वेदना कमी करण्याचे पर्याय आधी समजून घेतल्यास ऐन वेळी गोंधळ होत नाही. श्वसन, शिथिलीकरण, संगीत, मालिश आणि गरम शेक यांबरोबरच पाठीच्या कण्याजवळ दिली जाणारी भूल हाही मान्य पर्याय आहे. वेदनाशामक मागणे म्हणजे कमीपणा, हा समज निराधार आहे. पहिल्या प्रसूतीपूर्वी शेवटच्या काही आठवड्यांत योनिद्वाराच्या खालील भागास मालिश केल्यास टाके पडण्याचे प्रमाण काहीसे कमी होते, असे चाचण्यांतून दिसले आहे. मात्र ते शिकवणीनुसार आणि तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावे.

नैसर्गिक प्रसूतीइतकीच सिझेरियनची माहितीही तयारीत असली पाहिजे. वार गर्भाशयमुखावर असणे, बाळ आडवे असणे, बाळाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावणे अशा स्थितीत शस्त्रक्रियाच जीव वाचविते. शस्त्रक्रियेनंतर वेदनांचे नियंत्रण कसे होते, केव्हा उठता येते आणि स्तनपान कसे द्यावे, हे आधी ठाऊक असल्यास पुढील दिवस सुकर होतात. पहिल्या तासातील स्तनपानाविषयीही आधीच बोलणे झाले पाहिजे. चीक हे बाळाचे पहिले संरक्षण आहे आणि प्रसूतीनंतर बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवल्याने स्तनपान लवकर सुरू होते, ही माहिती गर्भवतीइतकीच तिच्या सोबतिणीला असणे गरजेचे आहे.

माहेर, स्थलांतर आणि भाषा

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा मराठी कुटुंबांत आजही टिकून आहे. तिच्यामुळे गर्भवतीला आईची सोबत आणि विश्रांती मिळते. सोबतीचे महत्त्व पाहता ही प्रथा हितकारकच आहे. मात्र सातव्या-आठव्या महिन्यात गाव बदलल्याने तपासणी एका ठिकाणी आणि प्रसूती दुसऱ्या ठिकाणी होते. नव्या रुग्णालयाला आधीच्या आजारांची आणि तपासण्यांची माहिती नसते. ओटीभरणाच्या साडीबरोबर सर्व अहवाल, सोनोग्राफीची छायाचित्रे आणि माता व बाल संरक्षण कार्ड सोबत नेणे आणि माहेरी पोहोचताच तेथील रुग्णालयात नाव नोंदविणे आवश्यक आहे.

सुरत, इंदूर, हैदराबाद, बंगळुरू अशा शहरांत राहणाऱ्या मराठी स्त्रियांपुढे भाषेचाही प्रश्न असतो. ऐन कळांच्या वेळी परक्या भाषेतील सूचना समजत नाहीत आणि स्वतःला काय होत आहे हे सांगताही येत नाही. स्थानिक भाषा जाणणारी सोबतीण आणि काही आवश्यक शब्दांची ओळख यांचा येथे उपयोग होतो. मराठवाड्यातून दर वर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या ऊसतोड कामगार स्त्रियांची अडचण याहून मोठी आहे. हंगामातील मुक्काम बदलत असल्याने त्यांची तपासणी खंडित होते. त्यांच्यासाठी पूर्वतयारी म्हणजे प्रत्येक मुक्कामाजवळचे आरोग्य केंद्र, आशा कार्यकर्ती आणि १०२ व १०८ या रुग्णवाहिकांची माहिती असणे होय.

तयारीच्या मर्यादा

पूर्वतयारीचा अतिरिक्त गौरव केल्यास तिचे ओझे स्त्रीवरच पडते. सर्व व्यायाम केले, वर्गांना गेले, तरीही सिझेरियन झाले म्हणजे आपण कमी पडलो, अशी अपराधाची भावना अनेक मातांना छळते. बाळाची स्थिती, वारेची जागा, रक्तदाब आणि अचानक उद्भवणारी गुंतागुंत ही कोणाच्याही इच्छाशक्तीच्या आटोक्यातील नसते. गर्भवतीने सकारात्मक विचार केले, की सर्व काही सुरळीत होते, हे सांगणे म्हणजे शिक्षण नव्हे.

सिझेरियनच्या प्रमाणातून ही मर्यादा अधिक स्पष्ट होते. पाचव्या पाहणीनुसार देशात २१.५ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. सार्वजनिक संस्थांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी संस्थांत ४७.४ टक्के होते. तेलंगणात एकूण प्रमाण ६०.७ टक्के होते, तर महाराष्ट्रात २५.४ टक्के. दोन्ही प्रकारच्या संस्थांत येणाऱ्या स्त्रियांचे वय, आर्थिक स्थिती आणि आजार यांत भेद असतो, हे खरे. तरीही एवढी मोठी तफावत स्त्रियांच्या शरीरांतील किंवा त्यांच्या तयारीतील भेदाने स्पष्ट होत नाही. स्त्री कोणत्या दारातून आत जाते, यावरही बरेच काही अवलंबून असते.

कॅनडातील संशोधक एलन हॉडनेट यांनी २००२ मध्ये शंभरहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन प्रसूतीविषयीच्या समाधानाची चार प्रमुख कारणे सांगितली : स्त्रीच्या स्वतःच्या अपेक्षा, सेवा देणाऱ्यांकडून मिळालेला आधार, त्यांच्याशी असलेल्या नात्याचा दर्जा आणि निर्णयांतील सहभाग. वेदनेची तीव्रता, झालेले वैद्यकीय उपचार आणि घेतलेले प्रशिक्षण यांपेक्षाही या चार गोष्टींचा प्रभाव अधिक असल्याचे त्यांना आढळले. या निष्कर्षाने प्रशिक्षण निरुपयोगी ठरत नाही. अपेक्षा वास्तवाला धरून राहाव्यात आणि निर्णयांत सहभाग घेता यावा, यासाठी प्रशिक्षण उपयोगी पडते. परंतु प्रश्न विचारणाऱ्या स्त्रीवर खेकसले जात असेल, तपासणीपूर्वी तिची संमती घेतली जात नसेल किंवा कक्षात पडदाही नसेल, तर शिकलेले सारे दाराबाहेर राहते.

व्यवस्थेची तयारी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हणूनच सन्मानपूर्वक वागणूक, परिणामकारक संवाद आणि स्त्रीच्या पसंतीची सोबत यांना वैद्यकीय उपचारांच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. धोका नसलेल्या स्त्रीला कळांच्या काळात खाण्यापिण्याची व चालण्याची मुभा असावी, प्रसूतीची स्थिती तिने निवडावी, सरसकट छेद देऊ नये आणि पोटावर दाब देऊन बाळ बाहेर ढकलू नये, अशा शिफारशी त्यांत आहेत.

भारतात २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने स्त्रिया रुग्णालयाकडे वळल्या. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे सार्वजनिक संस्थांत सिझेरियनसह प्रसूती, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि वाहतूक विनामूल्य झाली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने प्रसूतिकक्षांच्या दर्जाकडे लक्ष वळविले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने दाई-परिचारिकांची स्वतंत्र सेवा उभारण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. नोंदणीकृत परिचारिकांना १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देऊन सामान्य प्रसूती त्यांच्या हाती सोपविण्याची ही योजना आहे. प्रसूतीच्या संपूर्ण काळात स्त्रीजवळ थांबणारी, तिच्याशी बोलणारी आणि गुंतागुंत ओळखून वेळीच डॉक्टरांना बोलावणारी प्रशिक्षित व्यक्ती, ही जुन्या सुईणीची जागा आधुनिक शास्त्राच्या आधारे भरून काढू शकते.

दर महिन्याच्या तपासणीची रांग हीच प्रसूतिशिक्षणाची सर्वांत सोपी जागा आहे. तासन्‌तास बसून राहणाऱ्या गर्भवतींना आणि त्यांच्यासोबत आलेल्या सासू, आई व पतीला तेथेच प्रसूतिकक्ष दाखविणे, सोबतिणीचे नियम समजावणे आणि पहिल्या तासातील स्तनपानाविषयी बोलणे शक्य आहे. त्यासाठी नव्या इमारतीची आवश्यकता नाही. बाळंतपण कोणत्या मार्गाने होईल, हे पूर्वतयारी ठरवू शकत नाही. मात्र त्या वेळी स्त्री घाबरलेली आणि एकटी असेल, की काय चालले आहे हे जाणणारी आणि आपले म्हणणे सांगू शकणारी असेल, यात पूर्वतयारीचा मोठा वाटा असतो. उरलेला वाटा तिचे म्हणणे ऐकून घेणाऱ्यांचा आहे.